चांगुणाबाईंनी अडवलेलं मशीन

आष्टीत चांगुणाबाईंच्या पिठाच्या गिरणीवर भांडून जिंकलेला माणूस मी अजून पाहिला नाही. मी कलेक्टर कचेरीसमोर घसा फोडणारा कार्यकर्ता. मीही तिथं हरूनच येतो. बाजरीवर गहू दळायचा तर आधी पसाभर गहू टाकून चक्की धुवायची, आणि आपला डबा सोडून हलायचं नाही, हा बाईंचा कायदा.

त्यांची नात पायल, बारा वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. उपचारांनी अंगातली ताकद गेली आणि जंतूंचं विष रक्तात भिनलं. शुद्ध नाही, लघवी बंद. जालन्याच्या दवाखान्यात मीही सोबत गेलो. डॉक्टर सुहासिनी म्हणाल्या, "रक्त नळीनं बाहेर घेऊन मशीनच्या गाळणीतून साफ करू आणि परत अंगात सोडू. औषधं चालूच राहतील. खात्री देत नाही, पण उशीर नको."

पायलचा बाप राजानंद 'हो' म्हणणार, तेवढ्यात त्याची आई मधे.

"याच्याआधी यात कोणाचं रक्त घातल्तं?"

"गाळणी नवी असते, आजी. ज्याची त्याला वेगळी."

"दाखवा."

मी म्हणलं, "मावशी, ही गिरणी न्हाई."

"तू गप बस, भारत. तुझ्या गव्हात बाजरीचं पीठ आल्तं तर तू मोर्चा काढल्ता."

काढला होता. आठ माणसं होती.

सिस्टरनं त्यांच्यासमोर पाकीट फोडलं. नळ्यांतून आधी नुसतं सलाईन फिरवलं. बाईंचा चेहरा सैल पडला. "पसा टाकला. बराबर."

"शेवटी थोडं रक्त गाळणीत राहतं," डॉक्टर म्हणाल्या.

"दळणात घट आम्हीबी धरतो. किती?"

"मुठीपेक्षा कमी."

"मंग लावा जल्दी."

दारावरचा वॉचमन म्हणे, पाच मिनिटांत बाहेर. मी त्याच्या अंगावर गेलो. बाईंना आत खुर्ची मात्र डॉक्टरांनी दिली, माझ्या आवाजाला कंटाळून. मास्क लावून बाई नळीवर नजर रोखून बसल्या. मशीन टूं टूं करायला लागलं की सिस्टरला हाक, "पोरी, पट्टा सरकला बघ."

ताप उतरत गेला. लघवी सुटली तेव्हा राजानंदनं मला फोनवर असं सांगितलं, जणू पोरगी दहावीला पहिली आली.

एका दुपारी मशीन परत ओरडलं आणि बाई परत सिस्टरवर सुरू झाल्या. तेवढ्यात पलंगावरून कोरड्या घशाचा आवाज आला.

"आजी, गिरणी बंद कर ना. झोपू दे."

कॅन्सरशी भांडण अजून बाकी आहे. पण त्या दुपारी चांगुणाबाई गिऱ्हाइकाचं ऐकून गप बसल्या. मी साक्षीदार आहे.