पाखरंवाल्या बाई

कंट्रोल रूममध्ये तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'पाखरंवाल्या बाई'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही चालत होतं. जेवणाचा डबा उघडण्याआधीही एक नजर मीटरकडे टाकणारी ही बाई, नावांनी काय बिचकणार?

काम वीजवाटपाचं. शहराला लागणारी वीज, ती तयार करणाऱ्या कोणत्या संचाने किती द्यायची, हे दर पाळीत ठरायचं. वीज कमी पडता कामा नये आणि इंधनही उगाच जळता कामा नये. बाईंनी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. संगणकात पाखरांचा थवा सोडायचा. प्रत्येक पाखरू म्हणजे वाटपाचा एक पर्याय. कमी इंधनाची जागा एकाला दिसली की बाकीची तिकडे वळतात, पण वाटेत आपापलंही शोधत राहतात. असं करत थवा चांगल्या जागी उतरतो.

अडचण एकच. थवा दरवेळी हाताने केलेल्या वाटपाच्या शेजारीच उतरायचा. बचत नावापुरती.

"बाई, तुमची पाखरं पेन्शनीत निघाली काय?" पाळीप्रमुख म्हणाले. "जागची हलत नाहीत."

"हलतील, साहेब."

"उद्या संध्याकाळपर्यंत हलली तर ठीक. नाहीतर वर कळवतो, प्रयोग बंद."

बाई डगमगल्या नाहीत. गणित चोख होतं, याची त्यांना खात्री होती. घोडं कुठे अडलंय, तेवढंच कळत नव्हतं.

सकाळी घरात सासऱ्यांचा चष्मा हरवला. सासरे, नवरा आणि मुलगी, तिघंही टीव्हीच्या कपाटाशी वाकलेले.

"बाबा, काल इथंच सापडला होता ना?"

"हो रे, म्हणून तर बघतोय!"

सासूबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या, "काल तिथं सापडला म्हणून चष्म्याने तिथं घर बांधलंय का? पांगा जरा! डोकी कसली आपटताय एकमेकांची!"

तिघं पांगले आणि मुलीला चष्मा न्हाणीघरात, बादलीमागे मिळाला. बाई मात्र हातात डबा धरून तशाच उभ्या.

"अगं, सापडला चष्मा. आता तुझं काय हरवलं?"

"माझंही सापडलं, आई," म्हणत बाई निघाल्याच.

ऑफिसची रीतच होती: कालचं वाटप समोर ठेवायचं आणि त्यातच थोडं खालीवर करायचं. नवख्याला पहिला धडा तोच. बाई त्यातच मुरलेल्या, म्हणून त्यांनी सगळी पाखरंही कालच्या वाटपावरूनच उडवली होती! मग ती घिरट्या घालणार कुठे?

आता त्यांनी एकच पाखरू तिथं ठेवलं. बाकीची संचांच्या मर्यादा सांभाळून चहूकडे पांगवली. या खेपेला थवा लांब उतरला. सर्वांत मोठ्या संचाचा थोडा भार काढून त्याने तो दोन मधल्या संचांवर टाकला होता.

"असं आम्ही कधी केलं नाही," पाळीप्रमुख कपाळाला आठ्या घालून म्हणाले.

"मीही नाही. पण तपासून तर बघा."

त्यांनी तपासलं. तारांवरचा भार, अचानक गरज पडली तर हाताशी राहणारी वीज, सगळं उलटसुलट करून पाहिलं. खोट निघेना, तेव्हा मान डोलावली.

संध्याकाळी शहरात दिवे लागले. मागणी चढत गेली, संच नव्या वाटपाने चालले, मागणी-पुरवठ्याचा मेळ दाखवणारा मीटरचा काटा जागचा हलला नाही. इंधनाचा आकडा मात्र रोजच्यापेक्षा चांगलाच खाली राहिला. पाळीप्रमुखांनी फोन उचलला.

"वर कळवताय, साहेब?" बाईंनी विचारलं.

"कळवायलाच हवं. पाखरं पुन्हा कामावर रुजू झाली!"