लेखी तक्रार

सोमवारी सकाळी सात वाजता चार नंबरची बस गॅरेजच्या फाटकातून आत आली आणि दत्तूमामांनी मान वर केली नाही.

दत्तूमामा तिथले सर्वांत जुने मेकॅनिक. गाडी आत येतानाच नुसत्या आवाजावरून ते कोणत्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते सांगत आणि कोणी न सांगता जॅक लावत. महिन्यापूर्वी आलेल्या मॅनेजरांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्यांना सुनावलं, "मामा, तुम्ही ज्योतिषी आहात का? लेखी तक्रारीशिवाय गाडीला हात लावायचा नाही."

तेच मॅनेजर परवा समोरच्या चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "आमच्या माणसांना हुरूपच नाही हो." एका वाक्यात माणसाचे कान काढून घ्यायचे आणि मग त्याला ऐकू येत नाही म्हणून कुरकुरायचं, हे धाडस खुर्चीवर बसल्यावरच येत असावं.

"मामा, आज माझी गाडी काय म्हणतेय?" चार नंबरच्या ड्रायव्हरने विचारलं.

"लिहून दे बाबा, मग ऐकतो."

"काय लिहू? तेच तर तुम्हाला विचारतोय."

मामा हातातला पाना पुसत राहिले. साडेसातला बस बाहेर पडली. मागच्या डाव्या चाकाची घरघर टपरीपर्यंत ऐकू येत होती.