शालूआत्यानं कस्टमच्या बाईची ओटी भरली

आमची शालूआत्या शाहूवाडीची. दारात आलेली बाई रिकाम्या ओटीनं परत गेली, तर तिला अन्न गोड लागत न्हाय. त्या सवयीपायी तिनं आमचा सगळा प्रवास पाण्यात घालायला आणलता!

तिची लेक क्रांती एका लांबच्या बेटावरच्या दवाखान्यात नर्स हाय. तिथं विमान उतरत न्हाय, आगबोट कधीतरी जाती. क्रांतीला दिवस गेले आणि पोरगी फोनवर म्हणाली, "आई, हितं माझी ओटी कोण भरणार गं?" झालं! आत्यानं आपल्या शेतातलं तांदूळ पिशवीत भरलं, वर नारळ आणि खण ठेवला आणि माझ्या मागं लागली. माझा दोस्त अभिनंदन, शिरोली एमआयडीसीत त्याचा कारखाना. त्याला शिडाच्या बोटीचं याड. तो त्याच अंगाला निघालता.

मी म्हटलं, "आत्या, रंकाळ्यातल्या होडीत तू डोळं मिटून बसतीस."

"मग हितंबी मिटूनच बसतो की!"

वाटंत उलट्या करून बेजार झाली, पण मांडीवरची पिशवी सोडली न्हाय.

बंदर कसलं, एक धक्का आणि एक पत्र्याची कचेरी. अभिनंदननं नांगर टाकला, तळाला धरला का ते ओढून बघितलं आणि पिवळा झेंडा चढवला. म्हणाला, "कस्टमवाले तपासून जाईपर्यंत कुणी उतरायचं न्हाय. कागद पटलं न्हाईत तर आल्या वाटंनं माघारी."

धक्क्यावर क्रांती उभी होती. पोट पुढं आलेलं, हात हलवत होती. आत्याला रडू आवरंना. "लेक समोर हाय आणि मी हितं बसू?"

"बस म्हणजे बस!" मी खेकसलो.

मोटारबोटीतनं कस्टमची बाई आली. कडक इस्त्री, तोंडावर हसू म्हणून न्हाय. टोपी काढून हातात धरली आणि कागद बघायला लागली. तेवढ्यात आत्या उठली. "घरात बाई आली आणि कागद काय दाखवताय रं?" मी हात धरायच्या आत तिनं बाईला कुंकू लावलं. ओटी घ्यायला पदर न्हाय म्हटल्यावर ओंजळभर तांदूळ सरळ टोपीत ओतलं, वर नारळ ठेवला.

अभिनंदन पांढराफटक पडला. "संपलं. बाहेरचं धान्य चालत न्हाय हितं. वर लाच म्हणतील."

मला असा राग आलता! "क्रांतीला आता लांबनंच बघ!" म्हणून मी आत्यावर ओरडलो. ती मटकन खाली बसली.

बाईनं इंग्रजीत विचारलं, हे काय? मी सांगितलं, आमच्यात बाईमाणसाला रिकामं पाठवत न्हाईत. तांदूळ खरं त्या धक्क्यावरच्या पोरीच्या ओटीसाठी आणलंय, ही तिची आई.

बाई धक्क्याकडं बघत राहिली. मग टोपीतला दाणान् दाणा पिशवीत परत टाकला, नारळ ठेवला. "धान्य आणि नारळ उतरणार नाही," म्हणाली. आत्याला भाषा कळत न्हाय, पण बाईची नकाराची मान कळली. तिनं डोळ्याला पदर लावला. बाईनं कागदावर शिक्का मारला, पिवळा झेंडा खाली घ्यायला सांगितलं आणि म्हणाली, "पण माणूस बोटीवर चढू शकतं."

स्वतःच्या मोटारबोटीतनं क्रांतीला घेऊन आली. हाताला धरून वर चढवलं. मायलेकी गळ्यात पडून अशा रडल्या, की अभिनंदन उगंच दोऱ्या आवळायला लागला. डेकवर ओटी भरली. मग तेच तांदूळ बोटीवर शिजवलं. क्रांतीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आई, आपल्या शेताचा वास हाय गं!" बाईबी पंगतीला बसली, ताट चाटून पुसून खाल्लं.

त्या माउलीचं नाव विचारायचं राहिलं. तिचं उपकार फिटायचं न्हाईत.

जाताना ती शिडीपाशी थांबली. टोपी काढली आणि दोन्ही हातांनी आत्यापुढं धरली. तांदूळ द्यायचं न्हाय, हे आता आत्याला ठाऊक होतं. तिनं रिकामी ओंजळ केली आणि टोपीत ओतली.

बाईनं टोपी डोक्यावर घातली न्हाय. धक्क्यापर्यंत तशीच हातात धरून गेली, उलटी न करता.