एका खोलीत किती माणसं मावतील?

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘कशावरूनबाई’ म्हणतात. उत्तर बरोबर आलं तरी त्या विचारणारच, "कशावरून?" घरीही तेच. नवरा म्हणाला भाजीत मीठ कमी आहे, की "कशावरून?" बिचारा वरून मीठ घेतो आणि गप्प जेवतो. मी चित्रकला शिकवते. शिक्षकखोलीत आमची टेबलं एकमेकांना खेटून, त्यामुळे बाईंचा सगळा वैताग आधी माझ्या कानांवर येतो.

त्यांचा जीव पेपरातल्या शेवटच्या प्रश्नात. त्याला ठरलेलं उत्तर नसतं. ‘एका खोलीत किती माणसं मावतील? कसं ठरवलंत ते लिहा.’ यंदा पेपर तपासायला एआय आलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सराव परीक्षेत त्याचे आणि तुमचे गुण जुळले, तर प्रश्न राहील. नाहीतर चार पर्याय द्या आणि मोकळ्या व्हा."

पहिल्याच परीक्षेत एका मुलीने लिहिलं, ‘आमच्या खोलीत आम्ही सात जण झोपतो. बाबांनी कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागते. म्हणजे सातच मावतात.’ बाईंनी पैकीच्या पैकी दिले. एआयने शून्य. शेरा : क्षेत्रफळ काढलेलं नाही.

"अहो, पोरीने अंग टेकवून मोजलंय! या दगडाला कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा की," मी म्हटलं. मलाच अवदसा आठवली.

तपासणीच्या सूचना लिहून द्यायची सोय होती. बाईंनी लिहिलं, घरचा अनुभव दिला तरी गुण द्यावेत. तेच पेपर पुन्हा तपासून घेतले, तर एकाने ‘आमच्या घरी खूप माणसं आहेत’ एवढ्यावर गुण उपटले. मग बाईंनी घातलं, आकडा हवा. मग, कारण हवं. एक भोक बुजवावं तर दुसरं पडायचं. शेवटी चिडून त्यांनी त्या मुलीचं उत्तरच नमुना म्हणून देऊन टाकलं. प्रश्न दोन ओळींचा, सूचना दोन पानं. नाकापेक्षा मोती जड! आणि एआय आता प्रत्येक मुलाला शेऱ्यात तोच नमुना दाखवू लागलं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या परीक्षेत सगळे गुण जुळले. बाईंनाही सूचनांप्रमाणेच द्यावे लागले. सूचना त्यांच्याच होत्या ना! मुख्याध्यापिका खूश. मी सहज पेपर चाळले तर घरोघरी सात जण झोपलेले आणि सगळ्यांचे बाबा कूस बदलतायत. एकुलत्या एका पोराच्या खोलीतसुद्धा सात! मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत.

त्यांनी त्या मुलीला बोलावलं. तिनेही जुनंच उत्तर उतरवलं होतं.

"तुझं तरी खरं आहे ना गं?"

"नाही बाई. दादा कामाला परगावी गेला. आता आम्ही सहाच. आईसुद्धा पाय लांब करून झोपते."

"मग तसं का नाही लिहिलंस?"

"गुण सातला आहेत ना!"

बाईंचा चेहरा मला बघवेना. त्या तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेले.

"शेवटचा प्रश्न काढून टाका. चार पर्याय देते."

"अहो, पण आता तर गुण जुळले!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.