कोब्यातले सात ठसे

घर विकायला काढलंय. उद्या पहिलं गिऱ्हाईक बघायला येणार, म्हणून मी गेट रंगवलं, कुंड्या हलवल्या, पार्किंगचा कोबा घासला. सोळा फूट बाय साडेआठ; टेप लावून मोजलेला. एजंट खूश झाला. "काका, पार्किंग असंच मोकळं दिसलं पाहिजे! फक्त ते कुत्र्याचे पाय बुजवा. नाहीतर वर गाडी लावा."

कोबा ओला असताना आमचा मोती त्यावरून चालत गेला होता. गेटकडून दाराकडे जाणारे सात ठसे. मी चिडलो होतो. पण त्या वर्षी गौरी आणताना बायकोने रांगोळीची पावलं त्यांच्या शेजारूनच काढली. "हाही आतच येतोय की," म्हणाली, आणि त्या ठशांनाही हळदकुंकू वाहिलं. मोती गेला, तरी दरवर्षी गौरींना ते हळदकुंकू चुकलेलं नाही.

छताला गळती असती, तर मी ती आपणहून दाखवली असती. मग हे का लपवू? घर विकताना आपण तिथे राहिलोच नव्हतो असं दाखवायचं, हे मला मान्य नाही. गिऱ्हाईक परत गेलं तर जाऊ दे.

उद्या गाडी बाहेर रस्त्यावर लावणार आहे. पार्किंग मोकळं दिसलं पाहिजे, असं तोच म्हणाला.