लेकीचं हेल्मेट

लेकीचा फोन आला तेव्हा बायकोला जाऊन चार-पाच महिने झाले असतील. राहाता गावातलं एक लग्न उरकून ती नातेवाइकांच्या गाडीतून परत येत होती. मिरजगावच्या अलीकडं गाडी उभ्या ट्रकवर आदळली. पुढचे दोघं वाचले, त्यांनी बेल्ट लावले होते. मागच्या सीटवर बेल्ट कोण लावतं? तिनंही लावला नव्हता. मी दहाव्याला रडलो नाही, नंतरही नाही. गावात म्हणायचे, लई धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हतं. खाल्लेलं आंबट की गोड, तेसुद्धा कळत नव्हतं.

लेक चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिनं एक जुनी छोटी गाडी घेऊन ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला तयार केली होती. तिच्या आईचा याला विरोध होता. मला तिनं परवानगी विचारलीच नाही. फोनवर म्हणाली, "अण्णा, सुरक्षेचं सामान घ्यायचंय. तुम्ही सोबत या." मी गेलो. नाही म्हणायलाही आत काहीतरी वाटावं लागतं.

पुण्यातलं दुकान लहानसंच होतं. लेकीनं आपलं मोटारसायकलचं हेल्मेट काढून दाखवलं. दुकानदार म्हणाला, "हे नाही चालणार, ताई. आग लागली तर याचं अस्तर टिकत नाही." त्यानं दुसरं दिलं. तिनं ते घातल्यावर मला म्हणाला, "काका, जरा हलवून बघा. गालाची कातडी सोबत हलली पाहिजे, मगच ते घट्ट बसलं."

मी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हलवलं. कातडी हलली. आतून तिचे डोळे माझ्याकडं बघत होते, थेट तिच्या आईचे डोळे. हे मला दिसलं, एवढंच.

मग सीटचे, खांद्यांवरून आणि मांड्यांमधून येणारे पट्टे बघितले. शेवटी त्यानं मानेमागं खांद्यांवर बसणारी एक चौकट काढली. ती हेल्मेटला अडकवायची होती.

"गाडी आदळली की पट्टे अंग धरून ठेवतात," तो म्हणाला, "पण डोकं पुढं फेकलं जातं. हे मान वाचवतं."

"हे पुढच्या वेळी घेऊ," लेक म्हणाली.

मी विचारलं, "मागं बसणाऱ्याला असलं काही असतं का?"

"ट्रॅकच्या गाडीला मागची सीटच नसते, काका."

लेकीनं हेल्मेटची काच खाली ओढली. तिचे खांदे हलायला लागले. दुकानदार आत काहीतरी आणायला निघून गेला. मी तिच्याजवळ उभा राहिलो. पाठीवर हात ठेवायला हवा होता हे कळत होतं, पण हात उचलला नाही.

थोड्या वेळानं म्हणालो, "ती मानेची चौकट पण घे."

तिनं घेतली.

पुढं कोइमतूरच्या ट्रॅकवर तिची गाडी वळणावर गरकन फिरून टायरांच्या भिंतीवर आदळली. तिचाच फोन आला. "अण्णा, गाडी ठोकली. पुढचा भाग पार गेला. मला काही झालं न्हाई. मान थोडी दुखतीय, बाकी कायच न्हाई."

मी गोठ्यात होतो. फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. आता घाबरायला हवं, निदान सुटलो असं तरी वाटायला हवं, म्हणून वाट बघितली.

"अण्णा? ऐकताय ना?"

"व्हय," मी म्हणालो. "जेवलीस का?"

ती म्हणाली, अजून नाही. मी म्हणालो, आधी जेवून घे. मग फोन खिशात टाकला आणि म्हशीपुढं कडबा टाकला.