हॅनाआजींनी न घेतलेली शपथ

आयर्लंडमध्ये कुणालाही ‘कसे आहात’ विचारलं की ‘ग्रँड’ म्हणतात. पाय मोडलेला असो नाहीतर नोकरी गेलेली असो, ग्रँडच. आमच्या शेजारच्या हॅनाआजी मात्र या प्रश्नावर थांबायच्या, विचार करायच्या आणि मग खरंखुरं उत्तर द्यायच्या. “गुडघा दुखतोय. काल भावाच्या आठवणीने रडले. पाव मात्र छान फुगला.” ल्यूकनला राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडून हे ऐकलं, तेव्हा बाई जरा भ्रमिष्ट असावी असं मला वाटलं होतं.

त्या क्वेकर होत्या. सतराव्या शतकात इंग्लंडात राजा, चर्च, पाद्री सगळ्यांशी भांडण मांडणारे जे पंथ निघाले, त्यांतलाच हा एक. यांच्यात पाद्री नाही, वेदी नाही, गाणं नाही. रविवारी सगळे एकत्र गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तोच उठून बोलतो. आजींचा एक पूर्वज आयर्लंड जिंकायला निघालेल्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजेतून इथे आला, हिसकावलेल्या जमिनीवर स्थायिक झाला आणि पुढे क्वेकर होऊन त्याने तलवार टाकली. न्यायाधीशापुढे टोपी काढायला आणि शपथ घ्यायला नकार दिला म्हणून तुरुंगातच मेला. “जमीन मात्र त्याने परत केली नाही,” हे आजी न चुकता जोडायच्या. पूर्वजालाही सवलत नव्हती.

“शपथेला एवढा विरोध कशाला?” मी एकदा विचारलं.

“शपथ घेऊन खरं बोलायचं, म्हणजे एरवी खोटं चालतं असं कबूल करणं.”

माझ्या लेकीला, सईला, त्यांनी वाचायला शिकवलं. मिसेस म्हटलेलं त्यांना चालत नसे आणि ऐंशीच्या बाईला नुसतं ‘हॅना’ म्हणायला माझी जीभ रेटेना. ‘आजी’ हे नातं आहे, पदवी नाही, अशी खात्री करून घेऊनच त्यांनी ते स्वीकारलं.

त्या सकाळी सईच्या शाळेला उशीर झाला होता. फोनवरचा मेसेज वाचत मी गाडी फाटकातून मागे घेतली आणि कोपऱ्यावरच्या घरातले मायकल सायकलसकट खाली आले. सत्तरीचा माणूस, खुब्याचं हाड मोडलं. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, आले. मी सांगितलं, फोन पर्समध्ये होता, मी दोन्हीकडे पाहिलं होतं. आजी त्यांच्या बागेत गुलाब छाटत उभ्या होत्या.

संध्याकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. चहाला हात लावला नाही. तासभर गप्प. मग म्हणाल्या, “मी पाहिलंय. गार्डांना सांगणारच आहे. पण आधी तू सांगितलंस तर मला आवडेल. दोन दिवस थांबते.”

“आजी, पोरीसाठी तरी! तुम्ही नुसतं लक्ष नव्हतं म्हणा.”

“लक्ष होतं गं,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं.

कोर्टात मी गीतेवर हात ठेवला. लहानपणी बाबा जिला हात लावण्याआधी हात धुवायला लावायचे, तीच गीता. आणि मी खोटं बोलले, न अडखळता. आजींपुढे बायबल आलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. शपथेशिवाय, साध्या शब्दांत, जे पाहिलं ते सांगितलं. न्यायाधीशांनी त्यांचं मानलं. माझा गाडी चालवायचा परवाना वर्षभरासाठी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांची जुनी गाडी आमच्या दाराशी उभी. “सईला शाळेत सोडते,” एवढंच. वर्षभर एक दिवस चुकला नाही. मी रोज दार उघडून पोरीला बाहेर सोडायचे आणि त्यांच्याकडे न बघता दार लावायचे. लाज वाटायची, तिला मी राग म्हणायचे. परवाना परत आला तरी बोलले नाही. फेब्रुवारीत त्या हॉस्पिटलमध्ये गेल्या. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिले आणि त्या गेल्या.

त्यांच्या दफनभूमीत थडग्यांचे सगळे दगड सारख्या उंचीचे, बुटके. पुरल्यावर सगळे सभागृहात गप्प बसले. अधूनमधून कुणी उठून आजींबद्दल चार वाक्यं बोलायचं. सई माझ्या शेजारी होती, समोर मायकल, वॉकरवर हात टेकून. ते परत कधी सायकलवर बसले नाहीत.

मी उठले. म्हटलं, “फोन माझ्या हातात होता. मी कोर्टात खोटं बोलले. हॅनाने माझी दोन दिवस वाट पाहिली होती.”

शांतता पुन्हा तशीच सुरू झाली. सईने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

बाहेर पडताना मायकल दारापाशी थांबले होते. मला पाहून त्यांनी विचारलं, “कशी आहेस?”

‘ग्रँड’ ओठांवर आलंच होतं. मी थांबले.

“बरी नाहीये,” मी म्हणाले.